मे महिन्यातली भाऊबीज

“संपतराव, पोट आत घ्या. चौथीतल्या पोराचं पोट असलं नसतंय.”

जयवंत फोटोग्राफरनं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा आमच्या ह्यांनी श्वास ओढून पोट आत घेतलं. अंगात खाकी हाफपँट, टक्कल झाकायला पांढरी टोपी आणि कपाळावर रुपयाएवढा कुंकवाचा टिळा असा त्यांचा थाट होता. पाटावर मांडी घातल्यावर त्या हाफपँटचं काय झालं होतं ते सांगण्यासारखं नाही. समोर माझी नणंद अंजनाआक्का उभी होती. वय चाळिशीला टेकलेलं, अमेरिकेत मोठ्या दवाखान्यात नर्स, आणि आमच्या सोप्यात दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधून, हातात निरांजनाचं ताट घेऊन उभी. मे महिन्यातली दुपार, विट्याचं ऊन आणि वाशाला आकाशकंदील टांगलेला.

“किती येळ धरू श्वास?” हे दात आवळून म्हणाले.

“आक्कांचं ओवाळून हुईस्तोवर.”

“आक्का, आवर की गं.”

“भावाला कुणी घाईनं ओवाळतं का?” आक्का म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एकदा ताट फिरवलं.

मी दाराआड उभी राहून तोंडात पदर कोंबून हसत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्यावर डाफरल्या, “दात काय काढतीस? अमेरिकेचं काम हाय!”

अमेरिकेचं काम असं होतं. माझ्या सासऱ्यांची पहिली बायको गजराबाई. अंजनाआक्का तिची लेक. गजराबाई तापानं गेली तेव्हा आक्का नुकत्या पाऊल टाकायला लागल्या होत्या. वर्षाच्या आत आत्याबाई लग्न होऊन घरात आल्या आणि आल्या आल्या त्यांनी त्या पोरीला खरसुंडीला आजोळी धाडलं. चार दिवस राहू दे आजीपाशी, म्हणाल्या. ते चार दिवस काही संपले नाहीत. पुढं आमचे हे जन्मले, बारसं झालं, शाळा झाली, लग्न झालं. कुठल्याही कार्याला खरसुंडीला निरोप गेला नाही. पंचमीला सगळ्या गावाचे मुराळी लेकीबाळींना माहेरी आणायला जायचे, पण आमच्या घरचा मुराळी कधी त्या वाटेला लागला नाही. मामंजी स्वभावानं फार चांगले होते, असं सगळे सांगतात. म्हणजे ते काही बोलायचे नाहीत.

पोरगी आजीच्या जिवावर शिकली, मिरजेत नर्स झाली. तिथंच थॉमस नावाच्या केरळच्या मुलाशी तिनं लग्न केलं. ती बातमी विट्यात आली त्या दिवशी आत्याबाईंनी तिच्या नावानं आंघोळ केली आणि विषय संपवला. नवरा-बायको शिकागोला गेली, तिथलीच झाली.

विषय पुन्हा उघडला तो ह्यांच्यामुळं. ह्यांचे यंत्रमाग होते. ते दिवसातला निम्मा वेळ लाईट नसल्यानं बंद असायचे, तरी ह्यांच्यापेक्षा जास्तच काम करायचे. चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं की अमेरिकेतली बहीण भावाला कायमचं तिकडं बोलावून घेऊ शकते, बायकोसकट. ह्यांनी हळूच विचारलं होतं म्हणे, “सख्खीच लागती, का सावत्र चालती?”

“बाप एक असला म्हंजे झालं.”

त्या दिवसापासून आमच्या घरात सावत्र हा शब्द बंद झाला. मी एकदा चुकून बोलले तर हे पानावरून उठले. “आमच्यात असलं काय न्हाई. एका रक्ताची माणसं हाओत आम्ही.”

मग खरसुंडीहून पत्ता आणला, नंबर मिळवला आणि एसटीडी बूथच्या त्या काचेच्या डबीत आम्ही तिघं कोंबून उभे राहिलो. ह्यांनी रिसीव्हर आत्याबाईंच्या कानाला लावला.

“अंजने, बाय माझे, लई आठवण येती गं तुजी. रातीला डोळ्याला डोळा लागत न्हाई.”

आत्याबाईंचं घोरणं तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जायचं. ह्यांची नजर मीटरच्या आकड्यांवर.

“कोण बोलतंय?” आक्कांनी विचारलं.

“मी तुजी आई!”

मीटरचे आकडे आणखी पुढं पळाले. मग आक्का म्हणाल्या, “बरं.”

रिसीव्हर ह्यांनी घेतला. अमेरिका, अर्ज, एकच बहीण, थकलेली आई, सगळं एका दमात सांगून टाकलं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. “संपत, आपले सणावारांचे फोटो आहेत का? भाऊबीज, दिवाळीची आंघोळ, पंचमीचा झोका? एका घरातले आहोत हे दिसायला नको?”

“हायत की! ढिगानं हायत!” हे ओरडले.

बूथमधून बाहेर आल्यावर घाम पुसत म्हणाले, “एक बी न्हाई.”

मे महिन्यात आक्का आल्या. जीप दारात थांबली तशा आत्याबाई भाकरतुकडा ओवाळायला धावल्या आणि पायावर पाणी घालता घालता रडल्याही. अश्रू खरे होते, मी जवळून पाहिले. कशासाठी होते ते मात्र विचारू नका. आक्का साध्याच होत्या. सुती साडी, खांद्याएवढे केस, बारीक चष्मा. उंबऱ्याशी थांबून त्यांनी दाराची चौकट एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि मग आत आल्या.

चहा होताच ह्यांनी तोंड वाकडं करून सांगितलं की फोटोंच्या अल्बमला वाळवी लागली. सगळं खाल्लं. बापाच्या मांडीवरचा आक्कांचा एक सुंदर फोटो होता, तोसुद्धा.

“असं का,” आक्का म्हणाल्या. “मग नवे काढू. ज्या त्या सणाचे. जुने दिसतील असे काढता येतात का बघ.”

हे उडालेच. एवढी सोपी बहीण त्यांना स्वप्नातही मिळाली नसती. संध्याकाळपर्यंत जयवंत फोटोग्राफर ठरला. त्यानं कृष्णधवल रोल काढला. लहानपणचे फोटो काळे-पांढरे, चेहरा जरा तिरका, म्हणजे वय कळत नाही, असं त्यानं डोकं लावलं. अमेरिकेतल्या साहेबाला ह्यांची हाफपँट पाहून हे चौथीत आहेत असं वाटेल, यावर आमच्या घरात कुणालाही शंका नव्हती. आमच्या लेकीला मी आधीच माझ्या आईकडं धाडलं होतं. बापाला त्या अवतारात तिनं पाहिलं असतं तर पुढं त्याचं काही ऐकलं नसतं.

तर भाऊबीज झाली. ह्यांनी श्वास सोडला आणि हाफपँटचं बटण तुटून तुळशीपर्यंत गेलं.

त्यानंतर दिवाळीची पहिली आंघोळ. न्हाणीत पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. आक्का जुनं लुगडं गुंडाळून पाटावर बसल्या. आत्याबाईंनी वाटीतल्या तेलात दोन बोटं बुडवून त्यांच्या खांद्याला टेकवली.

“काकू, नीट लावा की,” जयवंत न्हाणीच्या दारातून म्हणाला. “तव्याला बोट लावल्यागत करताय.”

आत्याबाईंनी तळहात टेकवला. ज्या पोरीच्या नावानं त्यांनी आंघोळ केली होती, तिलाच आता आंघोळ घालायची पाळी आली होती. मला वाटलं, हे आमच्या शेजारणीला कधी एकदा सांगते.

“डोक्यावर पण घालतात ना तेल?” आक्कांनी विचारलं.

“घालत्यात की,” हे बाहेरून ओरडले. “आई, घाल की तेल डोक्यावर!”

आत्याबाईंनी तेल घातलं आणि टाळू चोळायला घेतली. जयवंतनं दोन फोटो काढले. “झालं, आक्का.”

“हलला असेल तर?” आक्का म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. “रोल आहे ना अजून? धाकटी आई, चोळ अजून जरा.”

जयवंतनं कॅमेरा खाली केला तरी आत्याबाईंचे हात चालूच राहिले. थांबलं तर अमेरिका जाईल ही भीती. आक्का तशाच डोळे मिटून मान खाली घालून बसून होत्या. मी कढत पाण्याची बादली घेऊन उभी होते. का कोण जाणे, त्या वेळी मला हसू आलं नाही.

मग पंचमीच्या फोटोसाठी लिंबाला झोका बांधला. हातात हिरव्या बांगड्या भरून आक्का झोक्यावर बसल्या. झोका द्यायला ह्यांनी हात लावला तर आक्का म्हणाल्या, “तू नको. लेक माहेरी आल्यावर आई देते झोका.” आत्याबाईंनी कमरेला पदर खोचला. आक्कांचं वजन काही कमी नव्हतं. पहिल्या धक्क्याला झोका जागचा हलला नाही, दुसऱ्याला आत्याबाई स्वतःच पुढं गेल्या. शेजारच्या गच्चीवर बायका जमल्या होत्या. त्यांनी आत्याबाईंना विचारलं, “काकू, मे म्हैन्यात पंचमी?”

“आमची लेक आलीया, आमाला आज पंचमी!” आत्याबाई धापा टाकत ओरडल्या. हे एवढं चपखल वाक्य ह्यांना भलतंच आवडलं. फोटोत आवाज येत नाही याची त्यांना हळहळ वाटली.

तिसऱ्या प्रहरी सगळे सोप्यात टेकले. आत्याबाई भिंतीला पाठ लावून खांदे चोळत होत्या. ह्यांनी खुशीत येऊन शिकागोच्या थंडीचं विचारायला सुरुवात केली.

“आता एकच फोटो राहिला,” आक्का म्हणाल्या. “आईसोबतचा.”

“आईसंगं झालं की. आंघोळीचा, झोक्याचा.”

“माझ्या आईसोबतचा. अर्जात दोन्ही आया येतात ना. धाकट्या आईच्या गळ्यात तिचा टाक असेल, तो घालून काढू.”

आत्याबाईंचा खांद्यावरचा हात थांबला.

आमच्यात रीत आहे. पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली की दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. चांदीच्या छोट्या पत्र्यावर बाईची मूर्ती उठवलेली असते, तो टाक. सणाला पहिला घास तिला दाखवायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवून मग आपण नेसायचं. मेलेल्या सवतीचा मान राखायचा. आत्याबाईंच्या गळ्यातही लग्नात टाक बांधला होता, गजराबाईच्या आईनं, म्हणजे खरसुंडीच्या आजीनं आणून दिलेला. तो कुठं गेला हे घरात आत्याबाईंना आणि मला ठाऊक होतं. मला ठाऊक असायचं कारण एकदा मी त्यांचे पाय चेपत होते आणि त्या खुशीत होत्या. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला देशभर पसरलीत, तसा आत्याबाईंचा भाऊ कोइमतूरला होता. तो दिवाळीला आला तेव्हा त्याच्या हातून त्यांनी टाक भट्टीत घातला आणि जोडवी करून घेतली. “गळ्यात बसत हुती,” त्या मला बोटं दाखवून म्हणाल्या होत्या, “पायात घातली.” मामंजी गेल्यावर जोडवी उतरली आणि मोडीत गेली.

“टाक व्हय?” आत्याबाई म्हणाल्या. “हाय की. बँकंत ठिवलाय. चोऱ्यामाऱ्या काय कमी हायत का!”

“मग उद्या आणा,” आक्का म्हणाल्या. “उद्याच फोटो काढू. त्याच्याशिवाय काही खरं नाही.”

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच आत्याबाई मला घेऊन सोनाराकडं निघाल्या. जवळचा नव्हे, पार एसटी स्टँडपलीकडचा, ओळख नसलेला. त्याच्याकडं तयार टाक होते ते सगळे देवांचे. घोड्यावरचा देव, चार हातांची देवी.

“ह्यातली चालंल का?” त्यानं देवी दाखवली.

“चार हात?” आत्याबाई दचकल्या. “दोन हाताचीच पुरी हाय मला. नवा उठीव. आत्ता.”

“मग चेहरा सांगा. दिसायला कशी हुती बाई?”

“मला काय म्हाईत? मी काय तिला बघाय गेलते?”

“फोटो?”

“न्हाई.”

“मग कुणासारखा उठवू?”

“कुणासारखा बी उठीव की रं! बाईमाणूस दिसलं म्हंजे झालं.”

सोनारानं पत्रा हलू नये म्हणून डांबरावर चिकटवला आणि छिन्नी घेतली. बिचारा करणार काय, त्याच्या समोर बसलेलं बाईमाणूस एकच होतं, मी मागं उभी होते. तो मान वर करून आत्याबाईंकडं बघायचा आणि ठोका घालायचा. रुंद जबडा उतरला, दोन भुवयांच्या मधली आठी उतरली. टाक पुसून त्यानं हातावर ठेवला तेव्हा मी पाहिलं आणि गप्प बसले. आत्याबाईंना जवळचं दिसत नव्हतं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं नि म्हणाल्या, “थोबाड जरा खडूसच उठलंय. असंल तशीच.”

घरी आल्यावर नवी अडचण उभी राहिली. टाक एवढा लख्ख होता की त्यात तोंड बघावं. इतकी वर्षं गळ्यात घासलेली चांदी अशी चमकत नाही. मी मागच्या दारी चूल पेटवून टाक धुरावर धरला, राखेत घोळला, पाट्यावर घासला. आत्याबाई शेजारी उकिडव्या बसून सांगत होत्या, “कानापाशी आणिक जरा. नाक झिजीव.” संपूर्ण संसाराची झीज आम्ही सासू-सुनांनी मिळून त्या सकाळी केली. आमचं दोघींचं एवढं जमलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

जयवंत आला. आक्कांनी टाक तळहातावर घेतला. चष्मा काढला, टाक डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. हे अस्वस्थ होऊन टोपी काढघाल करत होते. टोपीची खरं तर त्या दिवशी गरज नव्हती.

“आई अशी दिसायची?” आक्कांनी विचारलं.

“हुबेहूब,” आत्याबाई म्हणाल्या.

आक्कांनी टाकाकडं पाहिलं, मग आत्याबाईंकडं. “बरं झालं, कळलं.”

त्यांनी स्वतः काळा दोरा ओवला. आत्याबाईंना पाटावर बसवलं आणि मागं उभ्या राहून दोरा त्यांच्या गळ्यात बांधला. मी पुरणपोळी केली होती. आक्कांनी ताट वाढून आणलं, टाकाला हळदकुंकू लावलं, घास दाखवला. मग वाकून त्यांनी त्या टाकावर कपाळ टेकवलं. टाक आत्याबाईंच्या छातीवर, म्हणजे आक्कांचं डोकं आत्याबाईंच्या कुशीत आलं. आत्याबाईंनी दोन्ही हात बाजूला धरले होते, ओल्या भिंतीला अंग लागू नये तसे.

“काकू, हात!” जयवंत ओरडला. “डोक्यावर हात ठेवा!”

“आई, ठेव की हात!” हे ओरडले.

आत्याबाईंनी हात ठेवला. आक्का उठल्याच नाहीत. जयवंतनं एक काढला, दोन काढले, रोल संपला. त्यांच्या पाठीकडं पाहून कळत होतं की त्या रडत आहेत. जयवंत कॅमेऱ्याचं झाकण लावत राहिला. हे तेवढे कुजबुजले, “लई भारी आलं आसंल हे.”

आक्का उठल्या, तोंड धुऊन आल्या आणि नर्सच्या आवाजात, औषध कधी कसं घ्यायचं सांगतात तसं, म्हणाल्या, “धाकटी आई, आता हा टाक उतरवायचा नाही. अर्ज लागायला वर्षं जातात. मधे कधीही, न सांगता तपासायला माणूस येतो. फोटोत गळ्यात टाक आहे आणि प्रत्यक्षात नाही असं दिसलं तर सगळं रद्द.”

“आंघूळ करताना?” आत्याबाईंनी विचारलं.

“तेव्हासुद्धा.”

“आन् झोपताना?”

“माणूस कधी येईल सांगता येत नाही.”

“न्हाई उतरवायची ती,” ह्यांनी आईच्या वतीनं कबूल केलं. “मी बघतो की कशी उतरवती ते.”

आक्का निघाल्या त्या सकाळी मी माजघरात त्यांची बॅग भरू लागत होते. चटणी, कुरडया, खरसुंडीच्या घरून आलेला गूळ. हे जीप बघायला गेले होते आणि आत्याबाई देवापाशी होत्या.

“टाक चांगला धुरवलास,” आक्का साडीची घडी घालता घालता म्हणाल्या.

माझ्या हातातली कुरडयांची पिशवी तशीच राहिली. “तुम्हाला कसं कळलं?”

“धुराचा वास येत होता. आणि खऱ्याची जोडवी झाली ते मला लहानपणीच कळलंय. आजीनं तो द्यायला स्वतःचे वाळे मोडले होते. कुणीतरी येऊन तिला सांगितलं, तुमची लेक पायात घातलीय. त्या दिवशी आजी जेवली नव्हती.”

मी पिशवी बॅगेत कोंबली आणि नको तेच विचारलं. “मग तपासायला आलेल्या माणसाला कळलं तर?”

“कोण येतंय विट्याला तपासायला?” त्या हसल्या. आल्यापासून त्या अशा मोकळ्या हसल्या नव्हत्या. “कुणी येत नाही. फोटो पण कुणी मागितले नाहीत. जन्माचे दाखले लागतात, बापाच्या लग्नांचे पुरावे लागतात, आईच्या मृत्यूचा दाखला लागतो. तो सगळा गठ्ठा मी खरसुंडीच्या मामाकडून मागवून घेतला. अर्ज टाकूनच मी इकडं आले.”

“आधीच टाकलाय?”

“टाकलाय.”

“अहो, मग आधी सांगायचं!”

“आधी सांगितलं असतं तर झोका कुणी दिला असता?”

त्या बॅगेवर हात ठेवून बसल्या. “मला एकदा माहेरी यायचं होतं गं, शालन. दर पंचमीला मी खरसुंडीच्या पारावर बसून वाट बघायची. सगळ्यांचे मुराळी यायचे. मोठी झाले, नर्स झाले, समुद्रापलीकडं गेले, तरी ते काही डोक्यातून गेलं नाही. माझा मुराळी येईना, तर अर्जाला मुराळी केलं.” मग चष्मा पुसत म्हणाल्या, “आणि माझी आई त्या गळ्यात बसायला पाहिजे होती. ज्याचं त्याला मिळालं. संपतला अमेरिका मिळेल. त्याच्यावर माझा राग नाही, तो काय, तेव्हा जन्मलाही नव्हता.”

“पण आक्का,” मला राहवेना, “त्या टाकावर तुमच्या आईचा चेहरा नाही. तो तर...”

“धाकट्या आईचा आहे. बघितलं मी.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “स्वतःलाच सवत म्हणून मिरवू दे. सांगणार आहेस तिला?”

बाहेरून आत्याबाईंची हाक आली. “शालन! आगं, हा दोरा मानंला काचतोय. जरा सैल कर की, मेले!”

“मी कशाला सांगू?” मी म्हणाले.

अर्ज लागायला खरंच वर्षं गेली. त्या वर्षांत आमच्या दाराशी कागदांची पिशवी घेऊन जो कुणी आला, तो जनगणनेचा असो, वीजमीटरचा असो नाहीतर पोलिओचा डोस पाजणारा, आत्याबाई आधी पदराखालून टाक बाहेर काढून छातीवर सरळ करायच्या, मगच दार उघडायच्या. पोलिओवाल्या बाईला त्यांनी न विचारता सांगितलं, “ही माजी सवत. लई गुणाची हुती.” लग्नाकार्यात बायका विचारायच्या, इतक्या वर्षांनी टाक कुठून आला? त्यावर आत्याबाई म्हणायच्या, “कधी उतरवलाच न्हाई मी.” पुढं पुढं त्या स्वयंपाकघरात टाकाशी बोलायला लागल्या. आधी शिव्या, मग तक्रारी, बहुतेक माझ्याबद्दलच्या. नवं लुगडं आलं की आधी तिला दाखवायच्या. सणाला पहिला घास तिचा. शेवटच्या आजारात दवाखान्यात टाक काढायला सांगितला तर त्यांनी नर्सचा हात झटकला. गेल्या तेव्हा तो गळ्यातच होता.

त्यानंतर दोन वर्षांनी मुंबईला मुलाखतीला बोलावणं आलं. आमची लेक तोवर लग्न होऊन सासरी गेली होती. ह्यांनी कोट शिवला आणि अल्बम काखेत मारला. खिडकीपलीकडच्या साहेबानं दुभाषी बाईंमार्फत ह्यांना बापाचं नाव विचारलं, बहिणीचं नाव विचारलं, ती काय करते विचारलं. दाखले चाळले आणि मान हलवली. झालं म्हणाल्या बाई.

हे जागचे हलेनात. त्यांनी अल्बम उघडून काचेला लावला. “म्याडम, पुरावा! ही भाऊबीज. हा मी, चौथीतला.”

बाईंनी अल्बमकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं. त्यांच्या ओठांना काहीतरी झालं, ते त्यांनी आवरलं. “हे नाही लागत, काका. नवरा-बायकोचे बघतात कधी कधी. बहीणभावांना दाखले पुरतात.”

“आन् टाक?”

“कसला टाक?”

“आईच्या गळ्यातला. सवतीचा. घरी तपासायला माणूस यायचा हुता.”

“असं कुणी जात नाही, काका,” बाई म्हणाल्या. “पुढचे या.”

आम्ही बाहेर फुटपाथवर आलो. ऊन तापलं होतं. हे अल्बम छातीशी धरून उभे राहिले. अमेरिका मिळाली होती, पण तोंड मात्र काही हरवल्यासारखं.

“मग आई मरस्तोवर ते गळ्यात घालून कशापायी बसली?” त्यांनी मला विचारलं.

“रीत हाय आपल्यात,” मी म्हणाले आणि टॅक्सीला हात केला.